जुन्या गावात रेंज येते

माणूस प्रवासाला निघताना मनात काय घेऊन निघतो, हे प्रवासवर्णनात सहसा कुणी खरं लिहीत नाही. मी लिहून टाकते. मी पुण्याहून उमरग्याला निघाले ती माझ्या मैत्रिणीची एखादी तरी चूक सापडावी, एवढीच इच्छा धरून.

सुनंदा आणि मी सोलापूरला डी.एड.ला एका खोलीत राहत होतो. ती पहिली यायची, मी दुसरी. तिचं अक्षर फळ्यावर छापल्यासारखं उमटायचं, माझं उताराला लागायचं. पुढं तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि मी लग्न करून पुण्यातल्या एका खाजगी शाळेत चिकटले. तेव्हा वाटलं, चला, आता तरी तिच्या पुढं गेले. तिच्या शाळेवर पत्रे होते, माझ्या शाळेला लिफ्ट होती.

मग कोरोना आला आणि शाळांना कुलपं लागली. मी रोज सकाळी लॅपटॉपपुढं बसून पस्तीस चौकटींना शिकवलं. घरात फायबरचं इंटरनेट, कानाला हेडफोन, पाठीमागं मुद्दाम लावलेलं पुस्तकांचं कपाट. दिवसातून शंभरदा विचारायचं, "माझा आवाज येतोय का?" आणि एखाद्या चौकटीतून अंगठा वर यायचा. शेवटी डिसेंबरात शाळा उघडली. मुलं आली, बाकांवर बसली आणि गप्प राहिली. भांडेनात, चुगल्या सांगेनात. मधल्या सुट्टीतसुद्धा जो तो आपल्या बाकावर एकटा डबा खायचा. हजेरीपटावर सगळी होती, पण वर्ग भरल्यासारखा वाटत नव्हता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, होईल हळूहळू.

त्याच आठवड्यात सुनंदाचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्या फोनवर आला. तिची शाळा आहे ते गाव सास्तूरच्या पुढं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते नव्या जागी वसवलं, टेकाडाच्या आडोशाला. तिथं फोनला रेंज येत नाही. पण मागं सोडून दिलेलं जुनं गाव उंचवट्यावर आहे, तिथं मात्र येते. शाळा बंद झाल्यावर गावातली पोरं आईबापांचे फोन घेऊन जुन्या गावात जाऊन बसायची आणि सुनंदा उमरग्याहून, घरातून, त्यांना शिकवायची. घरं पडली तरी दगडी जोती शिल्लक होती. प्रत्येक मूल आपल्या पणजोबाच्या घराच्या जोत्यावर बसलेलं, आणि बाभळींमधून पाढ्यांचा आवाज येतोय. व्हिडिओच्या शेवटी सुनंदा म्हणते, "शाळा उघडली आणि माझी सगळी लेकरं पळत आली!"

माझ्या पोटात दुखायला लागलं. नवऱ्यानं विचारलं, "किती वेळा बघणार आहेस ते?"

म्हटलं, "चूक सापडेपर्यंत."

उमरगा

नाताळच्या सुटीत तिचाच फोन आला. "शैले, येळवसला ये. दोन वर्षांनी नीट येळवस होणार हाय. माझी लेकरं पण बघून जा." येळवस म्हणजे तिकडची वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. मी आढेवेढे घेतले, आणि फोन ठेवल्याबरोबर बॅग भरली.

उमरगा हे ट्रकांचं गाव आहे. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावाच्या छातीवरून जातो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखाने, टायरवाले आणि चहाच्या टपऱ्या. टपरीवर दोघं कानडीत भांडत होते आणि टपरीवाला त्यांना मराठीत समजावत होता. सुनंदा स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. अंगानं भरली होती, केस मात्र अजून काळे. मी आधी तेच बघितलं.

तिचं घर दुमजली निघालं. कर्ज काढून बांधलं म्हणाली, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असणार. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. पुण्यात मी ज्वारीची भाकरी विकत आणते आणि ती चामड्यासारखी होते. इथली भाकरी बोट लावलं तरी मोडत होती. तीही मनाला लागली.

"मग, सगळी मुलं आली परत?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सगळी."

"एकही गळालं नाही?"

"न्हाय." तिनं भाकरी मोडली. "म्हणजे एक हाय. तिचं सोड. फोन नव्हता त्यांच्याकडं, कुणाचा तरी मागून घ्यायची असणार. तासाला कधी दिसायची, कधी न्हाय. अभ्यासातनं मन उडालं पोरीचं. दोनदा घरी जाऊन आले, तोंडच उघडत न्हाय. लई घुमी हाय. येईल."

"नाव काय?"

"प्रज्ञा. चौथीत हाय. हुशार व्हती गं."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली. न बघताच ती पोर मला आवडून गेली होती.

शाळा

शनिवारची सकाळची शाळा. स्कूटीवर मागं बसून जाताना थंडीनं कान बधिर झाले. दोन्ही बाजूंना हरभरा आणि कणसात आलेली ज्वारी होती, मधूनच कापून पडलेली तूर. सास्तूर मागं टाकलं, एक ओढा ओलांडला आणि गाव लागलं. पट्टीनं आखल्यासारखं गाव. सरळ गल्ल्या, चौकोनी घरं, सगळी एकाच मापाची. भूकंपानंतर सरकारी नकाशावरून बांधलेलं, त्यामुळे कोणतं घर कुणाचं, हे पाहुण्याला कळायला मार्ग नाही.

वर्गात पाय ठेवला आणि माझं डोकं गरगरलं. काय तो कालवा! एक पोरगा दुसऱ्याच्या पाटीवर थुंकला म्हणून तक्रार, तिसऱ्याची तक्रार करणाऱ्यावर तक्रार. दोन मुली एका चिंचेवरून एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. सुनंदा ओरडली, "ए, पाहुणे आल्यात!" तेवढ्यापुरते गप्प झाले आणि मग मला विचारायला लागले.

"म्याडम, पुण्यात रेंज येती का ओ?"

"येते की."

"कुठं येती?"

"सगळीकडं. घरात, रस्त्यात, सगळीकडं."

तो मुलगा विचारात पडला. "मंग तुमची पोरं बसतेत कुठं?"

माझी पोरं आपापल्या खोलीत बसत होती, एकेकटी, दार लावून. ह्या पोरांना रेंज म्हणजे चालत जाऊन सगळ्यांनी मिळून बसायची जागा वाटत होती.

वर्गात मागच्या भिंतीला एक राखाडी लोखंडी कपाट होतं. व्हिडिओ फिरल्यावर कुणा दानशूरांनी शाळेला टॅब दिले, छतावर एक छत्री लावून इंटरनेट दिलं आणि टॅब ठेवायला कपाटही दिलं. मागच्या भिंतीला खिडकी होती, पण कपाटाला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते खिडकीला लावलेलं. "आता इंटरनेट हाय तर वापरायला वेळ न्हाय बघ," सुनंदा म्हणाली. "ही बोलायचीच थांबत न्हाईत." हे ती तक्रार केल्यासारखं म्हणाली. त्या तक्रारीसाठी मी माझा एक महिन्याचा पगार दिला असता.

मी मागं, कपाटाला टेकून खुर्चीवर बसले. हजेरी सुरू झाली. नावं खणखणत होती आणि 'हजर' त्याहून जास्त.

"प्रज्ञा."

कुणी बोललं नाही. सुनंदानं क्षणभर वाट पाहिली आणि पेन टेकवून पुढचं नाव घेतलं. माझ्या पाठीमागं कपाटाच्या पलीकडं काहीतरी बारीक वाजलं. मला वाटलं उंदीर. मी पाय वर घेतले.

जुनं गाव

शाळा सुटल्यावर मुलं मला त्यांचं जुनं गाव दाखवायला निघाली. पुढं दिगंबर तात्या. तात्या सत्तरी ओलांडलेले शेतकरी, अंगात पांढरी बंडी, हातात बाभळीची काठी. भूकंपाआधीच्या गावातलं घर न् घर त्यांना पाठ. लॉकडाऊनमध्ये पोरांवर लक्ष ठेवायला तेच जाऊन बसायचे आणि कोण कुठं बसणार हेही त्यांनीच ठरवलं होतं.

"पोरं पयल्या दिवशी एकाच लिंबाखाली गोळा झाली," तात्या सांगत होते. "गर्दी करायची न्हाय, असा तर हुकूम. मंग म्या म्हनलं, ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसायचं. मंजी भांडान न्हाय, गर्दी न्हाय. कुनाचं घर कुठं, म्या दावतो."

खरंच काहीतरी बघण्यासारखं होतं ते. बाभळी माजलेल्या, मधून पाऊलवाटा पोरांनी पाडलेल्या. प्रत्येक जण धावत जाऊन आपल्या जोत्यावर उभा राहिला. एक मुलगी म्हणाली, "ही आमची चूल," आणि एका काळ्या दगडावर हात ठेवला. ज्या म्हाताऱ्या माणसांनी भूकंपानंतर इकडं पाऊल टाकलं नव्हतं, ती पोरांना हाका मारायच्या निमित्तानं येऊन बसून जायला लागली होती. सुनंदा फोन काढून एका टोकाला गेली आणि मुलांनी मला तास करून दाखवला.

"आवाज येतोय का?" सुनंदा फोनवर.

"यायलाऽऽय!" अख्खं जुनं गाव ओरडलं. एक होला घाबरून उडाला.

मला हे बघवेना. खरंच बघवेना. माझा फोन वाजत होता, नवऱ्याचे निरोप येत होते, त्या निमित्तानं मी बाजूला झाले आणि उताराला लागले. खाली ओढा होता, त्यात घोटाभर पाणी. पलीकडं गेले तर चिखलात माझी चप्पल रुतली आणि उपसताना चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल, एक हातात, अशी मी वर चढले आणि नवऱ्याला फोन लावायला गेले तर रेंज गेलेली. मागं उंचवटा आडवा येत होता.

तिथंही जोती होती, लहान लहान. त्यातल्या एकावर दगड नीट रचून बैठक केलेली. बैठकीशेजारी एक लांब बांबू जमिनीत रोवलेला आणि बांबूच्या टोकाला कापडाची पिशवी शिवून बांधलेली, फोन मावेल एवढी.

दोन मुली माझ्यामागं पळत आल्या होत्या. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"प्रज्ञाचं. हितं तिचं घर व्हतं."

"पण इथं तर रेंज येत नाही."

"व्हय, न्हाईच येत."

"मग ती काय करायची?"

"काठी वर करायची. मेसेज आला की खाली घ्यायची. तवर तास सरायचा."

तात्या काठी टेकत ओढ्याच्या गावाकडच्या काठापर्यंत आले होते. मी तिथूनच विचारलं, "तात्या, ही मुलगी इकडं का बसायची?"

"तिचं घर तिकडंच व्हतं की," तात्या म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

ओढ्याच्या पलीकडं, उताराला, गावापासून वेगळी घरं कुणाची असतात हे मी विचारलं नाही. आपल्याकडं वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. गावात जातीवरून कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. तात्यांनी कुणाला हाकललं नव्हतं. त्यांनी फक्त सगळ्यांना अचूक आठवून बसवलं होतं. आणि सुनंदा उमरग्यात होती, तिला फोनवर एवढंच कळत होतं की एक मुलगी येते आणि जाते. फोन नसेल, असं तिनं धरून टाकलं.

आता खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. चूक सापडली होती, तीही अशी घसघशीत. मी ओढा ओलांडून परत आले, तुटकी चप्पल हातात घेऊन, आणि सुनंदाला एक अक्षर बोलले नाही.

भिंतीपलीकडं

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळीच आम्ही तात्यांच्या घरी पोचलो. सुनंदा त्यांच्या सुनेबरोबर भाज्या निवडायला बसली आणि मी "जरा गाव बघून येते" म्हणून सटकले. प्रज्ञाचं घर शोधावं लागलं नाही, वाटेत भेटलेल्या पहिल्याच पोरानं बोट दाखवलं. शाळेच्या मागची भिंत आणि त्यांचं अंगण एकच. अख्ख्या गावात शाळेला सगळ्यात जवळचं घर तेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचे वडील अशोक जवळच्या लोहारा गावी विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करतात. दारात बसून ते मोटारसायकलची साखळी पुसत होते. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी सुनंदाबाईंची मैत्रीण म्हटल्यावर ते जरा आखडले, तरी चहा आला.

"तुम्ही येळवसला जाणार का शेतात?"

"जाणार की. पूजाबिजा न्हाय करत आमी, पन भज्जी कोन सोडतंय?" ते हसले.

"लॉकडाऊनमध्ये प्रज्ञाला फोन नव्हता का?"

"व्हता की! तिच्यासाठीच नवा घेतला."

"मग ओढ्याच्या अलीकडं का नाही बसवलं तिला? तिकडं रेंज नव्हती."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "सगळी आपापल्या घरात बसली व्हती, म्याडम. म्या कुनाच्या जोत्यावर बसवू तिला?"

मी अर्धा चहा तसाच ठेवला. उठून अंगणात गेले. शाळेच्या भिंतीला लागून पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर एक किरकोळ अंगाची मुलगी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी पाटी. तिच्या डोक्यावर शाळेची बंद खिडकी.

"प्रज्ञा ना तू? शाळेत का जात नाहीस गं?"

"जाते की."

"कुठं?"

तिनं पोत्यावर हात थापटला. "हितं. हितं सगळं ऐकू येतं. पाढे, कविता, समदं. बाई हजेरी घेतेत तवा म्या पन हजर म्हनते."

मला कालचा उंदीर आठवला.

"मग?"

"त्यांना ऐकू येत न्हाय." तिनं एक शेंग दातानं फोडली. "जुन्या गावातबी येत न्हवतं. म्या तिकडनं लई वरडायची."

"अगं, पण दार उघडंच असतं. सरळ आत जाऊन बस ना."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी अगदीच बावळट बोलले होते, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बाईंना ऐकू आलं की जाईन," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

येळवस

आमच्याकडं अमावस्येला कुणी नवं काम काढत नाही, प्रवास टाळतात. इथं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं घराबाहेर पडतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, पुरुषांच्या डोक्यावर आंबिलाची मडकी, आणि सगळे आपापल्या शेतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, केलेली, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडलेले. पूजा झाली की घरधनी शेताला फेरी घालतो, आंबील शिंपडत आणि मराठी-कानडीची मिसळ झालेला एक घोष करत. मी तीन जणांना त्याचा अर्थ विचारला आणि तीन अर्थ मिळाले. मग जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले हात धरून बसवतात. वाटसरूलासुद्धा सोडत नाहीत.

भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. त्या दिवसांत रानात जे हिरवं मिळेल ते सगळं, ओली तूर, हरभरा, वाल, पालेभाज्या, ताकात आणि बेसनात एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या मडक्यातलं गार आंबील. मी तीनदा वाढून घेतलं. एवढं खाऊन माणसाचं मन निवळायला हवं, पण माझं निवळलं नाही. शेजारच्या शेतातून पोरं येत होती, सुनंदाच्या ताटात काहीबाही टाकत होती. "बाई, आमचा उंडा खावा." "बाई, आमच्या खिरीत काजू हाईत." एक पोरगी नुसतीच येऊन तिच्या मांडीला टेकून बसली. माझ्या वर्गातली मुलं मला रस्त्यात दिसली तर आईच्या मागं लपतात.

आणि मग माझी जीभ सुटली.

"सुनंदा, तुझ्या त्या प्रज्ञाकडं फोन होता बरं का. नवा होता."

तिनं वर बघितलं. पंगतीतली पाच-सहा माणसंही बघायला लागली. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. ओढा, रेंज, बांबू, पिशवी, सगळं सांगितलं, चवीचवीनं सांगितलं. कपाटामागून रोज कोण 'हजर' म्हणतं तेही सांगितलं. "तू रोज तिची गैरहजेरी लावतेस," असं म्हणून मी घोटभर आंबील प्याले.

तात्यांच्या हातातला उंडा तसाच राहिला. "म्या तर सगळ्यास्नी नीट बसवलं व्हतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तिचं घर तितंच व्हतं. म्या काय चुकीचं..." आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी सुनंदाच्या तोंडाकडं बघत होते. ती म्हणेल, मला काय माहीत. म्हणेल, तात्यांनी बसवलं. किंवा रागावून म्हणेल, तू कोण सांगणारी. वीस वर्षं मी त्या क्षणाची वाट बघितली होती. ती म्हणाली, "कपाटामागनं?"

"हो."

"रोज?"

"रोज म्हणाली."

तिनं ताटाला हात लावून कपाळाला लावला आणि उठली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं का? थोडं वाटत होतं. भज्जी चौथ्यांदाही चांगलीच लागली.

सोमवार

परतीची गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी मी पुन्हा तिच्याबरोबर शाळेत गेले. खरं सांगायचं तर, आता ही कशी निस्तरते ते बघायला गेले.

सुनंदानं वर्गात आल्या आल्या पदर खोचला आणि कपाटाचं कुलूप काढलं. टॅब एकेक करून बाहेर, पोरांच्या हातात, तिथून टेबलावर. मग कपाटाला हात लावला. ते जागचं हलेना. मी उठले, दुसऱ्या बाजूनं जोर लावला. पोरं चिकटली. फरशीवर कर्रकन ओरखडा उमटला आणि कपाट हात-दीड हात सरकलं. खिडकीची कडी गंजून बसली होती. एवढ्यात दारात तात्या दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हातात एक दगड होता. ते खिडकीपाशी गेले, दोन घाव घातले, कडी निघाली आणि दोन्ही दारं उघडली. उजेड आला, धूळ आली. तात्या बाहेर न बघता मागं फिरले आणि दाराजवळ उभे राहिले.

सुनंदानं हजेरीपट उघडला. पहिल्या नावापासून सुरुवात केली, नेहमीसारखी. पोरांनाही काय चाललंय ते कळलं असावं, कारण प्रत्येकाचं 'हजर' त्या दिवशी हळू आलं.

"प्रज्ञा."

खिडकीतून काही आलं नाही.

सुनंदानं पेन उचललं नाही. ती वाट बघत राहिली. वर्गात एवढी शांतता मी दोन दिवसांत ऐकली नव्हती. माझ्या मनात आलं, पोर आज तिथं नाहीच. किंवा असूनही बोलणार नाही, आणि का बोलावं? मग सुनंदाला जन्मभर पुरेल. असं मनात आलं खरं, पण त्याच वेळी मी दोन्ही हातांनी खुर्चीची दांडी घट्ट धरून ठेवली होती आणि आतून ओरडत होते, बोल गं बाई, बोल.

"प्रज्ञा," सुनंदा पुन्हा म्हणाली.

खिडकीखालून आवाज आला, बारीक, पण सरळ.

"बाई, माझा आवाज यायलाय का?"

सुनंदा खिडकीपाशी गेली, गजांना धरून खाली वाकली. म्हणाली, "यायलाय गं. लख्ख यायलाय."

बाहेर पाटी खडखडली. मग, "मंग हजर."

पोतं झटकल्याचा आवाज आला. भिंतीच्या कडेनं पावलं दाराकडं आली. दारात तात्या होते, ते बाजूला झाले. ती पाटी छातीशी धरून आत आली, कुणाकडं बघितलं नाही, आणि पहिल्या बाकावर जिथं दोघी बसल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिली. दोघी सरकल्या. लगेच त्यांच्यातली एक ओरडली, "बाई, ही मला ढकलायलीय!" आणि वर्ग सुरू झाला.

दुपारी सुनंदानं मला स्टँडवर सोडलं. गाडी सुटताना म्हणाली, "बरं झालं आलीस, शैले." मनापासून म्हणाली, म्हणून जास्त लागलं. चूक शोधायला गेले, सापडली, तिच्या हातात दिली, आणि तिनं ती एका सकाळीत निस्तरून टाकली. म्हणजे पुन्हा पहिली तीच.

गेल्या दोन वर्षांत मी किती वेळा विचारलं असेल, माझा आवाज येतोय का? माझ्या पस्तिसांपैकी एकानंही मला ते कधी उलट विचारलं नाही. सुनंदाला एकीनं विचारलं. तेही भिंतीपलीकडून, आणि तिला ऐकू येईपर्यंत रोज हजर म्हणत.